आईच्या गाठीच्या रिपोर्टात 'जनुकीय बदल' लिहिलंय, मग हे आम्हा मुलींत उतरणार का?

सोनचाफा | ११ मार्च, रात्री ९.४०

नमस्कार मंडळी. बरीच वर्षं इथे नुसती वाचते, आज लिहायची वेळ आली.

आई ५८ वर्षांची. संक्रांतीला तिळाचे लाडू वळताना तिच्या मानेत गाठ दिसली, सुपारीएवढी. फेब्रुवारी उजाडेपर्यंत ती लिंबाएवढी झाली. रात्री एवढा घाम यायचा की उशीचा अभ्रा बदलावा लागे. बायोप्सीत निघालं डिफ्यूज लार्ज बी-सेल लिंफोमा, म्हणजे लसिका गाठींचा कॅन्सर. पुढच्या तपासण्यांच्या रिपोर्टात लिहिलंय: जर्मिनल सेंटर प्रकार, केआय-६७ ८५ टक्के, फिश तपासणीत एमवायसी आणि बीसीएल२ दोन्हींची पुनर्रचना. खाली जनुकांची यादी आहे: ईझेडएच२, केएमटी२डी, सीआरईबीबीपी. डॉक्टर म्हणाले, 'डबल हिट' आहे, म्हणून नेहमीची आर-चॉप केमो नको, डोस वाढवत नेणारी आर-इपॉक देऊ. चार दिवस अखंड सलाईन, मग पाचव्या दिवशी वेगळं औषध. पहिलं सायकल झालंय.

आता मुद्दा. धाकटीचा साखरपुडा झालाय, लग्न वैशाखात ठरलंय. 'जनुकीय' हा शब्द तिच्या सासरी कुणीतरी ऐकला आणि होणाऱ्या सासूबाईंचा फोन आला, "म्हणजे हे तुमच्या रक्तातलंच म्हणायचं का?" त्यांच्या बोलण्यात कुचकेपणा नव्हता, काळजी होती. पण आईच्या कानावर ते गेलं. तेव्हापासून ती मला एकच विचारते, "माझ्याकडून पोरींना गेलं का गं?"

डॉक्टर भले आहेत, पण त्यांच्या दाराबाहेर पन्नास माणसं ताटकळलेली असतात, मला सगळं विचारायचा धीर होत नाही. जनुकात बिघाड म्हणजे तो आईवडिलांकडून आलेला आणि मुलांत जाणारा, असंच का? आणि यादीतल्या त्या तीन नावांपुढे 'एपिजेनेटिक' लिहिलंय, ते काय असतं?

गवतीचहा

आईंना लवकर आराम पडो. रिपोर्टाच्या तीन झेरॉक्स काढून ठेवा आणि मूळ प्रत कुणाच्याही हातात देऊ नका. मला उत्तर माहीत नाही, पण धागा वाचतेय.

काचपट्टी

सोनचाफा, मी पॅथॉलॉजिस्ट आहे, पंचवीस वर्षं सूक्ष्मदर्शकाखाली काचपट्ट्या बघतेय. तुमच्या आईचं उत्तर आधी देते, बाकीचं नंतर.

नाही. तुमच्याकडून पोरींना गेलेलं नाही, असं आईला माझ्या नावाने सांगा.

जनुकीय आणि आनुवंशिक हे दोन शब्द आपण एकाच अर्थाने वापरतो, तिथे घोळ होतो. जनुकात झालेला कुठलाही बदल जनुकीय. पण आनुवंशिक तेवढाच, जो बीजपेशीत असतो आणि म्हणून बाळाच्या अंगातल्या पेशी न् पेशीत उतरतो. तुमच्या आईच्या रिपोर्टातले बदल तिच्या एका बी-पेशीत झाले, तेही तिच्या हयातीत. त्या एकीची प्रजा म्हणजे ती गाठ. तुम्ही दोघी जन्मलात तेव्हा ती गाठ करणारी पेशी तशी नव्हतीच.

आता, हे बी-पेशीतच का होतं? या एक प्रकारच्या पांढऱ्या रक्तपेशी, त्यांचं काम प्रतिपिंडं, म्हणजे जंतूंना पकडणारी प्रथिनं करायचं. जगात जंतू अगणित, जनुकं मोजकी. म्हणून बी-पेशी स्वतःच्या डीएनएची मुद्दाम कापाकापी करते. पहिली अस्थिमज्जेत, प्रतिपिंडाच्या जनुकाचे तुकडे जुळवताना. दुसरी लसिका गाठीतल्या जर्मिनल सेंटरमध्ये. तिथे एआयडी नावाचं विकर (एन्झाइम) प्रतिपिंडाच्या जनुकात हेतुपुरस्सर चुका पाडतं, आणि त्यातून जी पेशी जंतूला जास्त घट्ट पकडते ती निवडली जाते. जपानच्या होंजो यांच्या प्रयोगशाळेने १९९९ मध्ये हे विकर शोधलं. निरोगी माणसाच्या घशातल्या टॉन्सिल्समध्येही हे रोज चाललेलं असतं आणि पेशी तिथे सहा ते बारा तासांत दुप्पट होतात. एवढ्या घाईत कात्री चालवायची म्हटल्यावर कधीतरी भलतीकडे कापलं जाणारच.

बीसीएल२ हे जनुक पेशीला मरू देत नाही. त्याची जागा १८व्या गुणसूत्रावर. अस्थिमज्जेतल्या जोडणीत चूक झाली की ते १४व्या गुणसूत्रावर, प्रतिपिंडाच्या जनुकाशेजारी येऊन बसतं. बी-पेशीत ती जागा कायम जागी असते, मग बीसीएल२ही अहोरात्र चालू. एवढ्याने कॅन्सर होत नाही बरं का. बारीक तपासणी केली तर कित्येक धडधाकट माणसांच्या रक्तात अशा पेशी सापडतात. पुढे कधीतरी, वर्षानुवर्षांनी, त्याच वंशातल्या एखाद्या पेशीत ८व्या गुणसूत्रावरचं एमवायसी तुटून जागं होतं. एमवायसी म्हणजे वाढीचा हुकूम. मरण बंद आणि वाढ चालू, हेच ते 'डबल हिट'. केआय-६७ ८५ टक्के याचा अर्थ शंभरातल्या ८५ पेशी विभाजनाच्या चक्रात आहेत. महिन्यात सुपारीचं लिंबू झालं ते यामुळे.

ईझेडएच२बद्दल उद्या लिहिते, उद्याच्या केसेस बघायच्या आहेत.

मोरपीस

काचपट्टीताई, नवऱ्याच्या आजारात दोन वर्षं हे शब्द ऐकत होते, आज पहिल्यांदा अर्थ लागला.

पांथस्थ

थोडं वेगळं मत मांडतो, राग नसावा. माझ्या मोठ्या काकांना लिंफोमा झाला आणि आठ वर्षांनी त्यांच्या मुलालाही. हा निव्वळ योगायोग म्हणायचा का? 'नाही' म्हणून मोकळं होणं सोपं आहे, पण घराण्याचा संबंध काहीच नसतो हे मला पटत नाही.

काचपट्टी

@पांथस्थ, राग कसला, प्रश्न रास्त आहे. काहीच संबंध नसतो असं मी म्हणणार नाही. आईवडील किंवा भावंडांपैकी कुणाला लिंफोमा झाला असेल तर इतरांपेक्षा धोका थोडा वाढतो. पण मुळात धोकाच लहान, तो वाढूनही लहानच राहतो. अशा मुलांची वेगळी तपासणी करा असंही कुणी सांगत नाही, कारण करण्यासारखी तपासणी नाही. जे वारशाने येतं ते प्रतिकारशक्तीच्या जनुकांतले बारीक फरक, एकेकाचा वाटा चिमूटभर. अॅटॅक्सिया तेलंजिएक्टेशियासारखे जन्मजात आजार असलेली घराणी असतात, तिथे डीएनए दुरुस्तीच कच्ची असते आणि लिंफोमाचं प्रमाण खरंच जास्त. पण ते लहानपणीच लक्षात येतं.

स्तनाच्या कॅन्सरमध्ये बीआरसीए हे एकच बिघडलेलं जनुक वारशाने येऊन धोका खूप वाढवतं, तशी गोष्ट इथे नाही. लोकांच्या डोक्यात ते उदाहरण बसलंय, म्हणून सगळ्याच कॅन्सरला तोच न्याय लावतात.

तुमच्या चुलतभावाचं आता कसं आहे?

पांथस्थ

बरा आहे. आर-चॉप झाली, पाच वर्षं उलटली. यंदा वारीला चालत गेला होता.

अडकित्ता

पाच वर्षं म्हणजे डॉक्टरच म्हणतात आता आमच्याकडे नका येऊ. त्यांना माझा नमस्कार सांगा.

दूरदेशी

ईझेडएच२ हा माझ्या कामाचा भाग, म्हणून काचपट्टीताईंच्या आधी घुसतोय. मी परदेशात एका प्रयोगशाळेत हेच करतो.

सोनचाफाताई, तुमच्या घरी पोथी असेल. अक्षर न् अक्षर शाबूत आहे, पण बासनात गच्च बांधून वर ठेवली तर कुणी वाचणार नाही. डीएनए म्हणजे ती पोथी, जनुकं म्हणजे तिची पानं. कुठलं पान उघडं आणि कुठलं बांधलेलं, हे ठरवणारी व्यवस्था म्हणजे एपिजेनेटिक्स. तुमच्या यकृताच्या आणि डोळ्याच्या पेशीत पोथी एकच, उघडी पानं वेगळी.

प्रत्यक्षात बासन नसतं, रिळं असतात. एका पेशीत जवळजवळ दोन मीटर डीएनए, तो हिस्टोन नावाच्या प्रथिनांच्या रिळांवर गुंडाळलेला. रिळातून प्रथिनाची शेपटं बाहेर आलेली असतात आणि त्यांवर रासायनिक खुणा लावल्या जातात. एच३ नावाच्या हिस्टोनच्या शेपटावर २७व्या जागी लायसिन आहे, ती एक खुंटी समजा. त्या खुंटीवर सीआरईबीबीपी अॅसिटिल टांगतं, म्हणजे 'हे पान उघडा'. ईझेडएच२ त्याच खुंटीवर मिथिल टांगतं, म्हणजे 'बांधून टाका'. एका खुंटीवर दोन्ही एकदम राहत नाहीत.

आईंच्या गाठीत काय झालंय बघा. उघडणाऱ्या सीआरईबीबीपीचा हात लुळा पडलाय. उघडायला मदत करणारं आणखी एक, केएमटी२डी, तेही बिघडलंय. आणि बांधणाऱ्या ईझेडएच२ला जोर चढलाय. एरवी जर्मिनल सेंटरमधलं काम संपलं की पेशीने थांबावं, प्रौढ व्हावं, प्रतिपिंडं करू लागावं. त्या सूचनांची पानंच बांधून पडली, म्हणून पेशी विभाजन करत राहिली.

या बिघाडाची एक गोष्ट मला आजही थक्क करते. ईझेडएच२च्या प्रथिनात बहुतेकदा ६४१व्या जागचं एकच अमिनो आम्ल बदलतं. कॅनडातल्या व्हँकुव्हरच्या गटाने २०१० मध्ये ते दाखवलं. सुरुवातीला सगळ्यांना वाटलं की विकर निकामी झालं. नंतर कळलं, उलट आहे. साधं ईझेडएच२ पहिलं मिथिल चपळाईने लावतं, तिसऱ्यापर्यंत दमतं. बिघडलेल्याला पहिलं जमत नाही, पण दुसरं-तिसरं झपाट्याने लावतं. रुग्णाच्या गाठीत एक प्रत चांगली आणि एक बिघडलेली असते. चांगली सुरुवात करून देते, बिघडलेली पुरं करते. म्हणून या गाठींत चांगली प्रतही शाबूत सापडते. तिच्याशिवाय बिघडलेलीचं चालत नाही.

साधीसुधी

दूरदेशी, शिलाईचं काम करते म्हणून रिळाचं पटकन कळलं. एक विचारू? रीळ घट्ट गुंडाळलं तरी दोरा तोच राहतो ना? मग सोडवता येईल की नाही?

दूरदेशी

@साधीसुधी, अहो, हाच तर या क्षेत्रातल्या आशेचा मुद्दा! तुटलेलं गुणसूत्र आपल्याला पूर्ववत जोडता येत नाही. पण खुंटीवरचं मिथिल काढता येतं, निदान नवीन लागणार नाही असं करता येतं. ईझेडएच२ला अडवणारी टॅझेमेटोस्टॅट नावाची गोळी निघाली. अमेरिकेत २०२० मध्ये तिला फॉलिक्युलर लिंफोमासाठी मान्यता मिळाली, तो सावकाश वाढणारा प्रकार. आईंच्यासारख्या आक्रमक प्रकारात मात्र एकट्या गोळीने फारसं साधलं नाही. एक कारण काचपट्टीताईंनी सांगितलेलं एमवायसी असावं. गाडीचा अॅक्सिलरेटर अडकलेला असताना नुसतं एक दार उघडून भागत नाही. म्हणून सोनचाफाताई, यादीत ईझेडएच२ आहे म्हणून गोळी शोधत फिरू नका, आत्ता आर-इपॉक हेच औषध.

शब्दवेडा

अवांतर. एपिजेनेटिक्सला मराठीत काय म्हणावं? 'अधिजनुकीय' वाचलंय, पण बोलताना जीभ अडखळते. 'जनुकोपरी' कसं वाटतं?

अडकित्ता

'उपरी' म्हटलं की घरात नवी आलेली सून वाटते. पण खरं तर ती खूण बाहेरून येऊन बसते, म्हणजे नाव चपखल आहे.

मोरपीस

आणि नव्या सुनेसारखीच कुठलं कपाट उघडं ठेवायचं ते महिन्याभरात तीच ठरवू लागते :)

शब्दवेडा

'बासनविद्या' कुणी सुचवलं नाही याचं आश्चर्य वाटतंय. चला, मूळ विषयाकडे.

कंपालाकर

माझं वय ७४. नोकरीनिमित्त नऊ वर्षं युगांडात होतो, म्हणून एक गोष्ट सांगतो. काचपट्टीताईंनी सांगितलेल्या एमवायसीच्या गोष्टीचा एक धागा तिथल्या मुलांच्या जबड्यापर्यंत जातो.

कंपालाच्या मुलागो इस्पितळात डेनिस बर्किट नावाचे आयरिश सर्जन होते. १९५७ मध्ये त्यांना एक मूल दाखवलं, जबड्याला चहूकडून सूज. थोड्याच दिवसांत दुसऱ्या गावात तसंच आणखी एक मूल दिसलं. १९५८ मध्ये त्यांनी यावर लेख लिहिला. मग दोन मित्रांना घेऊन जुन्या गाडीतून आफ्रिकेत सुमारे दहा हजार मैल फिरले आणि गावोगावच्या दवाखान्यांत विचारत गेले, अशी मुलं येतात का? नकाशावर पट्टा उमटला. जिथे ऊन आणि पाऊस भरपूर, तिथे आजार. उंचावरच्या थंड गावांत नाही. तोच पट्टा मलेरियाचा.

१९६१ मध्ये लंडनमध्ये त्यांचं व्याख्यान झालं. श्रोत्यांत अँथनी एपस्टाइन नावाचे तरुण संशोधक होते, त्यांनी ओळखलं की यामागे विषाणू असू शकतो. युगांडाहून गाठींचे तुकडे विमानाने लंडनला जाऊ लागले. एकदा धुक्यामुळे विमान मँचेस्टरला वळवलं आणि नमुना उशिरा पोहोचला. द्रव गढूळ दिसत होता, वाटलं जंतू पडले, फेकून द्यावा. पण सूक्ष्मदर्शकाखाली धरला तर पेशी सुट्या होऊन मजेत तरंगत होत्या. त्या पेशी वाढवूनच १९६४ मध्ये विषाणू दिसला, तो एपस्टाइन-बार विषाणू. माणसात कॅन्सरशी जोडला गेलेला हा पहिला विषाणू.

मुलागोच्या आवारातली ती मुलं मी पाहिलीत. जबडा एवढा की तोंड मिटत नसे. आणि औषधाचे दोन-तीन डोस पडले की आठवड्यात चेहरा परत दिसू लागे. आईबाप ओळखायचे नाहीत आधी, इतका फरक. म्हणून मी सोनचाफाला म्हणेन, झपाट्याने वाढणारी गाठ झपाट्याने वितळतेही.

घाटमाथा

काका, शेवटचा परिच्छेद वाचून अंगावर काटा आला. एक शंका. मलेरिया आणि गुणसूत्र तुटणं यांचा काय संबंध? मलेरिया मुंबईतही आहे.

काचपट्टी

@कंपालाकर काका, मुद्द्यावर आणून सोडलंत. बर्किट लिंफोमात ८व्या गुणसूत्रावरचं एमवायसी बहुतेक वेळा १४व्यावर जातं, काही वेळा २ऱ्या किंवा २२व्यावर. तिन्ही ठिकाणी प्रतिपिंडाचीच जनुकं आहेत! १९८२ मध्ये हे उलगडलं.

@घाटमाथा, त्या पट्ट्यात फाल्सिपेरम मलेरिया बारा महिने, आणि मुलांना तान्हेपणापासून पुन्हापुन्हा होतो. मुंबईत पावसाळ्यात एखादा ताप येऊन जातो, तशी गोष्ट नाही. सततच्या मलेरियाने जर्मिनल सेंटरं कायम पेटलेली राहतात, म्हणजे एआयडीची कात्री वर्षानुवर्षं चालू. त्यात एपस्टाइन-बार विषाणू बी-पेशीला मरू देत नाही. उंदरांवर हा संबंध २०१५ मध्ये दाखवला गेला. मलेरियाचा परजीवी गाठ करत नाही, तो कात्री थांबू देत नाही.

बर्किटची काचपट्टी एकदा पाहिली की विसरत नाही. निळ्या पेशींचं दाट आभाळ आणि मधूनमधून फिकट ठिपके, चांदण्यांसारखे. त्या चांदण्या म्हणजे मेलेल्या पेशी गिळणाऱ्या मोठ्या पेशी. 'स्टारी स्काय' म्हणतात. पहिल्यांदा पाहिली तेव्हा सुंदर वाटली आणि दुसऱ्या क्षणी नमुन्यावरचं वय वाचलं, सहा वर्षं.

हिरवळ

एपिजेनेटिक खुणा आहाराने बदलतात असं वाचलंय. मग हळदीचा अर्क, गव्हांकुराचा रस, असं द्यायला काय हरकत? निसर्गात उपाय असतोच. माझ्या ओळखीत एकांनी केमो मध्येच सोडून हेच केलं.

काचपट्टी

@हिरवळ, हेतू चांगला आहे, पण इथे मी ठामपणे बोलणार. आर-इपॉकच्या काळात पांढऱ्या पेशी जवळजवळ शून्यावर येतात. अशा वेळी न शिजवलेला रस म्हणजे जंतूंना दार उघडं. गोळ्यांतला हळदीचा अर्क रोजच्या आमटीतल्या हळदीच्या कितीतरी पट असतो. त्याने यकृताला इजा झाल्याच्या नोंदी आहेत, आणि या केमोतली काही औषधं यकृतातूनच बाहेर पडतात. आमटीत हळद खुशाल घाला. बाकी काहीही द्यायचं तर आधी डॉक्टरांना दाखवा. आहाराने थोड्याफार खुणा बदलत असतील, त्याने बिघडलेलं ईझेडएच२ सुधारत नाही.

तुमच्या ओळखीतल्यांचं पुढे काय झालं ते विचारत नाही.

हिरवळ

ते गेले. तुमचं म्हणणं कळलं. लिहायला नको होतं.

मोरपीस

लिहिलंत ते बरंच झालं, हिरवळ. असा विचार घरोघरी येतो. आमच्याकडेही नणंदेने काढा आणला होता आणि नाही म्हणताना मला रडू आलं होतं.

घाटमाथा

आता माझं सांगतो. बायकोला आईंसारखाच जर्मिनल सेंटर प्रकार, फक्त डबल हिट नव्हता. आर-चॉपने गेला आणि अकरा महिन्यांनी परत आला. दुसऱ्या केमोला दाद देईना. २०२४च्या शेवटी मुंबईत कार-टी केली, आयआयटी मुंबई आणि टाटा मेमोरियलने मिळून विकसित केलेली, जिला ऑक्टोबर २०२३ मध्ये भारतात मान्यता मिळाली. परदेशात याच उपचाराला कोटींमध्ये मोजतात, इथे साधारण दहावा हिस्सा. तेवढ्यासाठीही गावाकडचं अर्धं रान विकलं.

तिच्या रक्तातल्या टी-पेशी, म्हणजे शत्रू ओळखून मारणाऱ्या पांढऱ्या पेशी काढल्या, प्रयोगशाळेत त्यांना बी-पेशीवरचं सीडी१९ हे प्रथिन ओळखायला शिकवलं, काही आठवड्यांनी परत दिल्या. तिसऱ्या दिवशी ताप १०३. मेंदूवर परिणाम होतोय का ते बघायला नर्स रोज एक वाक्य लिहून घेत. ती लिहायची, 'आज सोमवार आहे, मी बरी आहे.' पाचव्या दिवशी 'बरी'मधली वेलांटी ओळीखाली घसरली आणि 'आहे' लिहिलंच नाही. सिस्टर धावल्या. सातव्या दिवशी अक्षर पुन्हा सरळ. तो कागद मी लॅमिनेट करून ठेवलाय.

सव्वा वर्ष झालं, स्कॅन स्वच्छ आहे. दूरदेशी, माझा प्रश्न असा, तिच्या स्वतःच्या टी-पेशी आधीच का नाही ओळखू शकल्या गाठीला?

दूरदेशी

घाटमाथा, वाक्याचं वाचून काही वेळ काम सुचलं नाही.

उत्तर त्या बासनातच आहे. प्रत्येक बी-पेशी आपल्या पृष्ठभागावर एमएचसी नावाच्या ताटलीत आतल्या प्रथिनांचे तुकडे मांडून दाखवते. टी-पेशी ताटली बघून ठरवते, आपला की परका. सीआरईबीबीपी बिघडलं किंवा ईझेडएच२ला जोर चढला की ताटलीची जनुकंच बांधली जातात. गाठ ताटलीच मांडत नाही, मग टी-पेशी शेजारून निघून जाते. म्हणजे ही एपिजेनेटिक गडबड दोन कामं करते, पेशीला वाढत ठेवते आणि लपवतेही. कार-टीमध्ये टी-पेशीला असा हात बसवतात जो थेट सीडी१९ला पकडतो, ताटलीची गरजच नाही. वहिनींना माझा साष्टांग नमस्कार.

सोनचाफा | २ एप्रिल

सगळ्यांचे आभार कसे मानू? दुसरं सायकल झालं. गाठ हाताला लागत नाही!

काचपट्टीताईंचा पहिला प्रतिसाद मी आईला मोठ्याने वाचून दाखवला. तिने दोनदा वाचायला लावला. मग म्हणाली, "एकाच पेशीचा घात, एवढंच ना?" आणि भिंतीकडे तोंड करून झोपली. रडली असावी. दुसऱ्या दिवशी स्वतःहून पेज मागितली.

मधे वेगळाच ताप झाला. दुसऱ्या मतासाठी बायोप्सीचा तुकडा जपून ठेवलेला मेणाचा ब्लॉक हवा होता आणि जिथे बायोप्सी झाली तिथे तो सापडेना. आठ दिवस मी खेपा घातल्या, शेवटी दुसऱ्याच कुणाच्या नावाच्या डब्यात निघाला. ताई, एक विचारायचं राहिलं. आम्ही दोघींनी रक्ताची जनुकीय तपासणी करून घ्यावी का? एका खासगी लॅबचा माणूस तीस हजारांचं पॅकेज सांगून गेला.

काचपट्टी

नको. त्या पैशात आईसाठी प्रथिनयुक्त खाणं आणि तुमच्या जाण्यायेण्याचा खर्च निघेल. रिपोर्टाच्या शेवटच्या पानावर 'सोमॅटिक' असा शब्द आहे का बघा. त्याचा अर्थ गाठीतला, अंगभर नसलेला. तोच शब्द अधोरेखित करून धाकटीच्या सासूबाईंना दाखवा, आणि वाटलं तर माझा प्रतिसादही.

ब्लॉकचं वाचून वाईट वाटलं. सगळ्यांनाच सांगते, ब्लॉक रुग्णाला मागता येतो. बायोप्सीचा नंबर लिहून ठेवा आणि मागताना लेखी अर्ज द्या, पोचपावती घ्या.

गवतीचहा

हे ब्लॉकचं मला आजवर कुणीच सांगितलं नव्हतं. वहीत लिहून घेतलं.

सोनचाफा | १९ ऑगस्ट

धागा वर काढतेय. सहाही सायकल पार पडली. तिसऱ्यानंतर तापाने अॅडमिट करावं लागलं, पाचव्याचा डोस कमी केला. परवा पेट स्कॅन झाला, ड्यूव्हिल २. डॉक्टर म्हणाले, पूर्ण प्रतिसाद. पहिली दोन वर्षं महत्त्वाची, दर तीन महिन्यांनी दाखवायचं.

लग्न वैशाखात झालं नाही. एप्रिलमध्ये सासूबाई स्वतः भेटायला आल्या. मी अधोरेखित केलेलं पान काढून ठेवलं होतं. त्यांनी ते बघितलं, घडी घालून परत दिलं आणि म्हणाल्या, "कन्यादानाला विहीणबाई उभ्या राहू शकतील तेव्हाच करू." आता तुळशीच्या लग्नानंतरचा मुहूर्त आहे. आईच्या डोक्यावर कापसासारखे केस आलेत, धाकटी त्यावरून हात फिरवत बसते.

कंपालाकर

वितळली ना! मुलागोची मुलं आठवली. आईंना आशीर्वाद.

घाटमाथा

बायकोला वाचून दाखवलं. ती म्हणते, लग्नाची तारीख कळवा.

माळरान | २३ ऑगस्ट

नमस्कार, नवीन सभासद. वडील ६९ वर्षांचे, यांनाही डिफ्यूज लार्ज बी-सेलच आहे पण यादी निराळी: एमवायडी८८ आणि सीडी७९बी. प्रकार 'नॉन-जर्मिनल सेंटर'. नवीन धागा काढू की इथेच विचारू?

काचपट्टी

इथेच विचारा. नाव एक असलं तरी हा जवळजवळ वेगळा आजार आहे. जनुकांच्या हालचालीवरून हे दोन गट २००० साली वेगळे ओळखले गेले. आईंच्या गाठीत बासन बांधलेलं होतं. तुमच्या वडिलांच्या गाठीत जंतू आल्याची घंटा जंतू नसताना सतत वाजतेय. दोन गोष्टी सांगा. एमवायडी८८पुढे एल२६५पी लिहिलंय का? आणि गाठ कुठे होती?

माळरान

हो, एल२६५पी लिहिलंय. गाठ वृषणात होती, ऑपरेशन करून काढली. पुढच्या सोमवारी पहिली केमो.

काचपट्टी

मग सोमवारच्या आधी डॉक्टरांना दोन प्रश्न विचारा, कागदावर लिहून न्या. या जागच्या गाठी पुढे मेंदूत उतरू शकतात, तर ते होऊ नये म्हणून काय देणार आहात? आणि दुसऱ्या बाजूला रेडिएशन देणार का? केमोआधी हृदयाची टूडी-इको झालीय का तेही बघा. उत्तरं मिळाली की इथे लिहा, मी रोज रात्री नऊनंतर असते.